दाराबाहेरची आई

माझ्या कामाविषयी कोणी विचारले आणि मी ते सांगू लागले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे तुम्ही नर्स का?" नाही म्हटले, की दुसरा येतो : "मग सुईण?" तेही नाही म्हटले, की समोरचा माणूस जरा घोटाळतो आणि थोड्या नाराजीनेच विचारतो, "मग बाळंतपणाच्या वेळी तुम्ही तिथे करता तरी काय?"

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी माजी विद्यार्थिनी म्हणून काही लिहा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा हाच प्रश्न डोळ्यांपुढे आला. १९९४ साली मी या महाविद्यालयातून समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले. गेली बारा-तेरा वर्षे मी पुण्यात बाळंतपणाच्या सोबतीचे काम करते. इंग्रजीत या कामाला 'डूला' असे नाव आहे. कळा सुरू झाल्यापासून मूल जन्माला येऊन पहिल्यांदा अंगावर पिईपर्यंत मी त्या बाईजवळ असते. आणि नंतरचे काही आठवडे तिच्या घरी जाऊन येते. मी तपासणी करीत नाही, औषध किंवा इंजेक्शन देत नाही. मूल सोडवणे हे डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे काम. मी सोबत करते, एवढेच.

या 'एवढेच'विषयी मला काही म्हणायचे आहे. ते मत अनेकांना पटणार नाही. माझ्याच व्यवसायातल्या काही जणींना तर मुळीच पटणार नाही. तरीही ते मांडण्याचे धाडस करते.

माझे पहिले बाळंतपण १९९८ साली झाले. पहिलटकरीण म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आले होते. आईने डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा असे सारे आणून डब्यांत भरून ठेवले होते. मध्यरात्री कळा सुरू झाल्या, तशी आई-वडिलांनी मला रिक्षाने तालुक्याच्या गावातल्या एका इस्पितळात नेले. तिथल्या एका मावशींनी मला आत घेतले, माझ्या हातातली पिशवी आईकडे दिली आणि "नातेवाईक बाहेर" म्हणून दार लावून घेतले.

त्या दाराआड मी चौदा तास होते. खोलीत चार खाटा होत्या आणि मध्ये पडदा नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडू लागली, तेव्हा तिला जे ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहिण्यासारखे नाही. ते ऐकून मी मनाशी ठरवले, की आपण ओरडायचे नाही. गाऊनची बाही दातांत धरून मी कळा काढल्या. माझी हेळसांड झाली असे मी म्हणणार नाही. दर दोन-तीन तासांनी कोणीतरी येऊन तपासून जाई आणि "अजून वेळ आहे" असे सांगे. पण काय चालले आहे, किती वेळ चालेल, होते आहे ते ठीक आहे की नाही, हे मला कोणी सांगितले नाही. घसा कोरडा पडला होता आणि पाणी मागायची भीती वाटत होती. आणि एवढे सगळे होत असताना मला पुरते ठाऊक होते, की त्या दारापलीकडे, आठ-दहा पावलांवर, बाकावर माझी आई बसलेली आहे. तिने स्वतः तीन मुलांना जन्म दिलेला होता.

मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप घरी आलो. इस्पितळाने आपले काम चोख केले असेच कोणीही म्हणेल, आणि कागदावर पाहिले तर ते खरेही आहे. पुष्कळ वर्षांनी एकदा आई बोलता बोलता म्हणाली, "सगळ्याजणींचे आवाज येत होते, तुझा तेवढा येत नव्हता. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं आणि हे लोक सांगत नाहीत." मी ज्या शांतपणाचा आत अभिमान बाळगत होते, त्यानेच ती बाहेर हादरून गेली होती. एका बंद दाराने आम्हा दोघींची अशी व्यवस्था लावली होती.

माझे आजोळ माण तालुक्यातले. आई आणि तिची भावंडे सारी घरातच जन्मली. गावात एक सुईण होती. लहानथोर तिला आजी म्हणत. मी तिला पाहिले ते ती अगदी थकल्यावर. आमच्या घरी आली, की ती ओसरीच्या कडेला बसे आणि तिचा चहाचा कप वेगळा असे. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे धुणे ही विटाळाची कामे मानलेली, म्हणून ती तिच्या जातीकडे दिलेली. मोबदला म्हणजे पायली-दोन पायल्या ज्वारी, खण आणि एखादे जुने लुगडे. ज्या हातांनी घरातले प्रत्येक मूल पहिल्यांदा उचलले, ते हात स्वयंपाकघरात चालत नव्हते. म्हणून कोणी 'पूर्वीची बाळंतपणे किती छान होती' असे म्हणू लागले, की मला तो वेगळा कप आठवतो.

आणि पूर्वीची बाळंतपणे छान नव्हतीच. अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून तालुक्याला नेताना ती वाटेतच गेल्याच्या कथा प्रत्येक गावात आहेत. रक्तस्राव, धनुर्वात, बाळंतरोग यांपुढे सुईणीचा अनुभव थिटा पडे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या पुढे अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तोही प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्या दुःखाचा आणि त्या विषयाचा संबंध नसेल असे मला वाटत नाही. आज परिस्थिती बदलली आहे. देशात दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातांचे मृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले; महाराष्ट्रात १३० चे ३३ झाले. २००५-०६ साली देशातली शंभरांतली जेमतेम ३९ बाळंतपणे इस्पितळात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ च्या घरात पोचला आणि महाराष्ट्रात तर ९५ च्या आसपास. या आकड्यांमागे हजारो जिवंत आया आहेत. मला त्या जुन्या काळात परत जायचे नाही, आणि कोणाला न्यायचेही नाही.

परंतु घरातून इस्पितळात जाताना एक गोष्ट वाटेत सांडली, ती कोणाच्या लक्षात आली नाही. गावची सुईण दोन कामे करीत असे. एक, मूल सोडवणे. दुसरे, रात्रभर बसणे. कळ आली की कंबर दाबणे, धरायला आढ्याला दोर बांधून देणे, घोटभर गरम पाणी पाजणे, 'आता थोडंच राहिलंय बाई' असे सांगणे. पहिले काम तिच्याहून कितीतरी अधिक जाणत्या हातांनी घेतले, हे योग्यच झाले. दुसरे काम मात्र कोणीच घेतले नाही. डॉक्टर येऊन जातात. एकेका परिचारिकेकडे चार-चार, सहा-सहा बायका आणि शिवाय कागदांचा ढीग. तिने कोणाजवळ बसावे? बसणे हे काम आहे असे कोणाला वाटलेच नाही, म्हणून त्याची जागाही कोणी भरली नाही.

हे काम आहे, हे शास्त्रानेही फार उशिरा ओळखले. 'डूला' हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ दासी. डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली अंगावर पाजण्याविषयीच्या आपल्या पुस्तकात तो वापरला आणि पुढे तो रूढ झाला. नावातच दासीपण यावे, याची मला गंमतही वाटते आणि खंतही. इकडे वेगळा कप, तिकडे दासी. बाईच्या उशाशी बसणाऱ्या बाईला दोन्हीकडे एकच पायरी मिळाली.

पुढे मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातल्या एका गर्दीच्या इस्पितळात एक साधा प्रयोग केला. तिथेही बायकांना एकटेच ठेवण्याचा रिवाज होता. काही पहिलटकरणींजवळ त्यांनी एकेक साधी बाई बसवली. ती ना परिचारिका, ना ओळखीची. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचे, इतकेच. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना काही गुंतागुंत झाली नाही अशा बायकांत, एकट्या राहिलेल्यांना इस्पितळात आल्यापासून बाळंत होईपर्यंत सरासरी एकोणीस तास लागले होते आणि सोबत असलेल्यांना नऊ. १९९१ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. सोबत नसलेल्यांत शस्त्रक्रियेचे प्रमाण शेकडा १८ होते, सोबत असलेल्यांत ८. पण त्या प्रयोगातला तिसरा गट मला सर्वांत बोलका वाटतो. त्या बायकांच्या खोलीत एक निरीक्षक बाई नुसती एका बाजूला बसून टिपणे घेत होती. ती बोलत नव्हती, हातही लावीत नव्हती. त्या गटात प्रमाण १३ निघाले. खोलीत कोणीतरी आहे, एवढ्यानेसुद्धा फरक पडला!

असे छोटे प्रयोग फार मोठे फरक दाखवतात, म्हणून जपूनच बोलावे. २०१७ साली सतरा देशांतल्या, पंधरा हजारांहून अधिक बायकांवरच्या सव्वीस प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणाचा वेळ सरासरी चाळीस मिनिटांनीच कमी झालेला दिसला. पण शस्त्रक्रिया सुमारे पावपट कमी झाल्या, आणि बाळंतपणाची कडवट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायकांचे प्रमाणही घटले. सोबतीमुळे काही अपाय झाल्याचे आढळले नाही. ज्याचा खर्च एक स्टूल आणि एक पडदा, अशा दुसऱ्या कोणत्या उपायाविषयी इतके म्हणता येईल?

आता मी करते तरी काय, ते सांगते. कळ येते तेव्हा पाठीच्या तळाशी माकडहाडावर तळव्याने दाब देते. दोन कळांच्या मध्ये तिला उठवून चालवते, पुढे वाकून टेकायला लावते, गरम पाण्याची पिशवी धरते, डॉक्टरांची हरकत नसेल तर घोटघोट पाणी देते. डॉक्टर काही बोलून गेले, की त्याचा अर्थ तिला सोप्या शब्दांत सांगते आणि तिला काही विचारायचे असेल तर विचारायला उभारी देते. तिच्या वतीने निर्णय मी घेत नाही. नवरा घाबरलेला असला, तर त्याचा हात धरून तिच्या कमरेवर ठेवते आणि "इथे दाबा" म्हणते. घाबरलेल्या माणसाला काम दिले, की तो सावरतो. मूल झाल्यावर ते लगेच आईच्या छातीवर जावे, पहिल्या तासात अंगावर प्यावे, पहिला चीक पिळून टाकला जाऊ नये, हौसेने कोणी मध चाटवू नये, एवढे पाहते.

या कामात माझ्या हातून चुकाही झाल्या. त्यांतली एक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी बँकेत नोकरी करणारी एक मुलगी सहाव्या महिन्यापासून माझ्याकडे येत होती. तिला काही झाले तरी नैसर्गिक बाळंतपणच हवे होते. तिच्या या हट्टाला खतपाणी मीच घातले होते. देशातल्या खाजगी इस्पितळांत शंभरांतली सत्तेचाळीस बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात, असे २०१९-२१ ची पाहणी सांगते. त्याचा राग माझ्या मनात होता आणि तो मी तिच्याशी बोलताना उगाळीत असे. "आपल्याला सिझर टाळायचंय" हे माझे पालुपद होते. अठरा तास झाले, बाळाचे ठोके मंदावू लागले आणि डॉक्टर म्हणाले, "सिझर करावं लागेल." तिने डॉक्टरांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा मला धाक वाटला. मी म्हटले, "डॉक्टर बरोबर सांगताहेत. ऐक त्यांचं." बाळ सुखरूप निघाले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "ताई, मला जमलं नाही."

हे वाक्य तिला मी शिकवले होते. बाळ मांडीवर, जखम भरत आलेली, आणि मुलगी परीक्षेत नापास झाल्यासारखी रडत होती. त्या दिवसापासून 'टाळायचंय' हा शब्द मी सोडून दिला. सोबत करणाऱ्याने स्वतःचे मत घेऊन खोलीत जाऊ नये. बाळंतपण कसे झाले यावर आईची किंमत ठरत नाही, हे सांगायला जिला जायचे, तिनेच उलटे सांगितले तर ती सोबत कसली?

बाळंतपणानंतरच्या दिवसांविषयीही थोडे. आपल्याकडे सव्वा महिन्याची रीत आहे. तेल लावणे, शेक, गरम जेवण, बाळंतिणीला कामाला न लावणे, या रीतीतले शहाणपण मोठे आहे. पण दोन खोल्यांच्या घरात, आई दूर गावी आणि नवऱ्याची रजा आठ दिवसांची, असा संसार असला, की सव्वा महिना म्हणजे बंद दाराआडचा एकटेपणा होतो. पाहुणे येतात ते बाळाला पाहायला. 'बाळ कोणासारखं दिसतं?' असे सारे विचारतात. 'तुला झोप मिळते का?' असे कोणी विचारत नाही. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही जिला सतत उदास वाटते, बाळाविषयी काहीच वाटत नाही किंवा नको ते विचार येतात, तिला डॉक्टरांची गरज असते. हे ओळखण्यासाठी दहा साध्या प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली १९८७ पासून उपलब्ध आहे. आपल्या घरांत मात्र अजून "नखरे करते", "आमच्या वेळी नव्हतं असलं काही", अशी उत्तरे मिळतात. त्यांच्या वेळीही ते होते. सांगायला कोणी नव्हते.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की बाई आपल्या धंद्याची जाहिरात करीत आहेत. म्हणून आता माझे खरे म्हणणे मांडते, आणि ते माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाते.

माझी फी एखाद्या धुण्याभांड्याच्या बाईच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईएवढी आहे. मला बोलावतात ती नोकरदार, शिकलेली, बऱ्यापैकी पैसे असलेली कुटुंबे. २०१९ साली अशाच एका घरी बाळंतिणीला तेल लावायला एक मावशी येत. वय साठीच्या आसपास. शेकड्यांनी बाळंतिणी आणि बाळे त्यांच्या हाताखालून गेलेली. एके दिवशी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालता घालता त्या मला म्हणाल्या, "ताई, माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. तुम्ही याल का तिच्यासंगं? पैसे थोडेथोडे देईन." पैशांचा प्रश्नच नव्हता. मी गेले. ते एक सरकारी इस्पितळ होते. दाराशी आम्हा दोघींनाही अडवले. मी विनवले, आत जाऊ देण्याविषयीच्या सरकारी निर्णयाची आठवण करून दिली. "इथे तसं काही नाही" असे उत्तर मिळाले. मग मी आणि मावशी बाहेरच्या बाकावर बसलो. रात्रभर बसलो. पुण्यातल्या अर्ध्या पेठांतल्या बाळंतिणींना जिने सावरले, ती बाई स्वतःच्या सुनेचे ओरडणे भिंतीआडून ऐकत होती आणि दर वेळी पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. मला शेजारी माझी आई बसल्यासारखे वाटले. एकवीस वर्षे झाली होती. बाक तोच आणि दारही तेच.

आणि तो सरकारी निर्णय होता, हे खरे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी इस्पितळांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई थांबू देण्याचा निर्णय घेतला. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि इस्पितळाच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. जिथे आडोशाची नीट सोय आहे, तिथे नवऱ्यालाही थांबता येते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीचा समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस केली. काही इस्पितळांनी हे मनापासून केले, आणि तिथे काही आभाळ कोसळलेले नाही. परंतु मावशींच्या सुनेपर्यंत तो निर्णय पोचला नव्हता.

म्हणून माझे मत असे : बाळंतपणातली सोबत ही पैसे देऊन विकत घेण्याची चैन होता कामा नये. ती प्रत्येकीला मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी लाखो डूला तयार करण्याची गरज नाही. सोबत करणारी बाहेर बाकावर बसलेलीच आहे. दार तेवढे उघडायचे आहे.

डॉक्टरांचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि ते पोकळ नाहीत. जागा अपुरी आहे, दुसऱ्या बायकांचा आडोसा जातो, जंतुसंसर्गाची भीती असते, काही बिघडले तर नातेवाईक अंगावर धावून येतात. यांतला प्रत्येक मुद्दा खरा आहे. पण आडोसा जातो तो पडदा नसल्यामुळे. आणि पडदा तर सोबत असो वा नसो, हवाच. संसर्गासाठी साबण, स्वच्छ गाऊन आणि एकाच व्यक्तीला प्रवेश हे नियम पुरतात. आणि भांडणाचे म्हणाल, तर माझा अनुभव उलटा आहे. जो नातेवाईक आत राहून डॉक्टरांची धडपड पाहतो, तो सहसा भांडत नाही. ज्याला दाराबाहेर ठेवून शेवटी एकदम वाईट बातमी सांगितली जाते, त्याचाच संशय पेटतो. आशाताई गरोदर बाईला इस्पितळापर्यंत आणतात; सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीच्या दिवशी सोबत करणाऱ्या बाईलाही बोलावून अर्धा तास समजावून दिले, तर परिचारिकेचा एक हात वाढेल. निर्णय मराठीत मोठ्या अक्षरांत प्रसूतिगृहाच्या दारावर लावावा, म्हणजे विनवण्याची पाळी कोणावर येणार नाही.

ज्यांना बाकावर बसणारे कोणीच नाही, त्यांच्यासाठी मात्र पगारी सोबतीण हवी. ऊसतोडीला शेकडो मैल लांब गेलेली बाई, बांधकामावरची परराज्यातली मजूर, घरच्यांनी टाकलेली मुलगी, यांनी कोणाचा हात धरावा? १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच, माहेर आणि सासर दोन्ही बंद झालेल्या विधवांसाठी. तिथे बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्या काळी ज्यांच्याजवळ कोणी जायला तयार नव्हते, त्यांच्यासाठी त्या दोघांनी आपले दार उघडले. आपल्याला तर इस्पितळाचे एक दार उघडायचे आहे, आणि तसा हुकूमही हातात आहे.

विद्यार्थिमित्रांनो, 'कला शाखेची पदवी घेऊन पुढे काय करणार?' हा प्रश्न तुम्हांला रोज ऐकावा लागत असेल. मलाही लागला. या महाविद्यालयात मी जे शिकले, त्यातले पुष्कळ विसरले. पण समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकायचे आणि रूढीला 'का?' असे विचारायचे, या दोन गोष्टी उरल्या, आणि माझे सारे काम त्यांवरच चालते. तुमच्या घरी बहीण, वहिनी, चुलती गरोदर असेल, तर नाव नोंदवायच्या दिवशीच इस्पितळात विचारा, 'आत कोण थांबू शकेल?' नकार मिळाला, तर का, ते विचारा. मुलांनीही विचारावे, हा केवळ बायकांचा प्रश्न नाही.

शेवटी घरचीच एक गोष्ट सांगते. १९९८ साली त्या दाराआड जन्मलेली माझी मुलगी आता स्वतः गरोदर आहे. तिच्या इस्पितळात एका व्यक्तीला आत थांबू देतात. इतक्या जणींची सोबत केली, आता लेकीची करीन, असे मी गृहीतच धरले होते. परवा ती जरा चाचरत म्हणाली, "आई, रागावू नकोस; पण आत तो थांबेल." खरे सांगते, क्षणभर मला वाईट वाटले. मग माझेच मला हसू आले. तिच्या पसंतीची सोबत, हेच तर मी इतकी वर्षे सांगत आले आहे. जावयाला कंबर कुठे दाबायची ते शिकवणे सध्या चालू आहे. मी बाहेर बाकावर बसेन. या खेपेला मात्र ती आत एकटी नसेल, हे मला ठाऊक असेल.